पाणी उकळू नका म्हणणारी नर्स

जाईजुई | शनिवार, रात्री 9.40

मंडळी, बरेच महिने इथे नुसती वाचत होते. धागा काढायची ही पहिलीच वेळ, सांभाळून घ्या. अमेरिकेतल्या आडगावात येऊन पडलेल्यांसाठी लिहितेय, पण बोअरचं पाणी पिणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

आम्ही आयोवात असतो. डे मॉईन नाही, आयोवा सिटी नाही, पार वायव्येकडे. अख्ख्या काउंटीत (इथला जिल्हाच म्हणा) 10 हजार माणसं नाहीत. नवरा डॉक्टर आहे. जे-1 व्हिसावर शिकलेल्या डॉक्टरांना नंतर मायदेशी परतायची अट असते; जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात 3 वर्षं काम करायच्या बोलीवर ती माफ होते, त्यातून इथे आलो. हॉस्पिटल 25 खाटांचं. त्यात बाळंतपणं होत नाहीत, तो विभाग कधीच बंद झालाय (आयोवातल्या बऱ्याच लहान हॉस्पिटलांचं हेच झालंय), म्हणून माझं बाळंतपण 55 मैलांवर झालं. घर गावाबाहेर, भाड्याचं. चारी बाजूंनी मका, मागे बोअर.

बाळंतपणासाठी आई आली. आईबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट तिचीच आहे. ती आरोग्यसेविका होती, माण तालुक्यातल्या उपकेंद्रावर, 34 वर्षं. लसीचा डबा खांद्याला लावून वस्त्या-वाड्या पायी केलेली बाई. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडली का, पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायच्या ओटी टेस्टला रंग आला का, हे सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. आणि "पाणी उकळून गार करून प्या" हे वाक्य तर तिने माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं म्हटलंय.

बाळ 5 आठवड्यांचं असताना काउंटीच्या पब्लिक हेल्थ ऑफिसातून फोन आला. मला वाटलं बिलाचं काहीतरी असणार. बाई म्हणाल्या, हॉस्पिटलने तुमचं नाव कळवलंय, बाळाचं वजन करायला घरी येऊ का? पैसे नाहीत. मी नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "ते गरिबांसाठी असतं ना?" डॉक्टर माणूस, 8 महिने त्याच काउंटीत काम करतोय, आणि ही माहिती!

नर्स आली. पन्नाशीची, चिखलाचे बूट दारात काढून मोज्यांवर आत. झोळीतून वजनकाटा काढला, वजन झालं, माझी चौकशी झाली (रडू येतं का, झोप लागते का, हेही नीट विचारलं). मला दूध कमी होतं, त्यामुळे बाळाला अर्धंअधिक पावडरचं दूध चालू होतं. तिने सहज विचारलं, पावडर कशात कालवता? आईने अभिमानाने गॅसकडे बोट दाखवलं. मोठं पातेलं रटरटत होतं. "ट्वेंटी मिनिट्स," आई म्हणाली.

"वेल वॉटर?" नर्सने विचारलं. मी हो म्हटलं. "तपासलंय कधी?" नाही.

ती उठली, माझ्याकडे बघून परवानगी घेतली आणि गॅस बंद केला. म्हणाली, पाणी तपासून होईपर्यंत बाळाला दुकानातून आणलेलं पाणी द्या, आणि हे तर अजिबात उकळू नका.

मी भाषांतर केलं. आईचा चेहरा मी विसरणार नाही. "म्हणजे मी चौतीस वर्षं लोकांना खोटं सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी काउंटीचा सॅनिटेरियन (विहिरी-पाणी तपासणारा माणूस) येणार होता, तो आला मंगळवारी. शुक्रवारी नमुना घेत नाहीत, कारण जंतूंच्या तपासणीला बाटली 30 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचावी लागते आणि मध्ये शनिवार-रविवार नको. त्याने स्वयंपाकघरातल्या नळाची जाळी काढली, तोंड ब्लीचने पुसलं, पाणी पाच मिनिटं सोडून दिलं आणि मग बाटली भरली. बाटलीच्या तळाशी पांढरी भुकटी होती. आई मला हळूच म्हणाली, "बाटली विसळू नको म्हणावं त्याला, ती क्लोरीन मारायची पावडर असते." त्याने विसळली नाहीच. पण पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जरा बरं दिसलं.

निकाल आला. जंतू: नाहीत. आर्सेनिक: नगण्य. नायट्रेट: लिटरला 23 मिलिग्रॅम. मर्यादा 10.

बाळ ठणठणीत आहे, आधीच सांगते. तपासणीचा खर्च शून्य. आता विचारा काय विचारायचं ते.

गोधडी | शनिवार, रात्री 10.05

बापरे, वाचताना पोटात गोळा आला. पण उकळल्याने वाईट कसं होतं? हे मला अजून कळलं नाही. आमच्याकडेही सगळं उकळूनच.

बाभूळ | रविवार, सकाळी 7.20

गोधडी, उकळून जंतू मरतात. नायट्रेट म्हणजे जंतू नव्हेत, तो शेतातल्या खतातून पाण्यात येणारा, विरघळलेला क्षार आहे. मीठ घातलेली आमटी आटवली की खारट होते, तसंच. पाणी वाफ होऊन जातं, नायट्रेट पातेल्यातच राहतं. जाईजुईच्या आईंचं भरलं पातेलं वीस मिनिटांनी पाऊण राहत असेल तर 23 चे 30 होतात.

तान्ह्या बाळाला ते का बाधतं? पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला धरतं आणि मग त्या रक्ताला ऑक्सिजन वाहता येत नाही. मोठ्या माणसाचं शरीर हे निस्तरतं. 6 महिन्यांच्या आतल्या बाळाला ते जमत नाही, आणि पावडरचं दूध पिणारं बाळ वजनाच्या मानाने पाणीही खूप पितं. बाळ निळसर-राखाडी पडतं, आधी ओठ आणि नखं. इंग्रजीत त्याला ब्लू बेबी म्हणतात. आईच्या दुधात नायट्रेट फारसं उतरत नाही, म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही.

आता गंमत बघा. हा रोग जगाला कळला तोच मुळी आयोवात. 1945 साली आयोवा सिटीच्या हंटर कॉम्ली नावाच्या डॉक्टरांनी शेतावरच्या विहिरींचं पाणी पिणारी निळी पडलेली बाळं बघितली आणि त्यावर लेख लिहिला. बाळाचं हृदय ठीक, फुप्फुसं ठीक, दोष विहिरीत. मग डॉक्टरांनी सगळीकडे शोध घ्यायला सुरुवात केली. 1951 सालच्या आढाव्यात अमेरिकेतल्या 278 बाळांची नोंद आहे, त्यातली 39 दगावली. ज्यांच्या विहिरींचं पाणी तपासलेलं होतं त्यात 10 च्या खालची एकही नव्हती. तो 10 चा आकडा तिथून आलाय.

आणि आईंना सांगा, त्यांनी खोटं काहीच सांगितलं नाही. माणच्या विहिरींच्या पाण्याने माणसं मरत होती ती गॅस्ट्रोने आणि काविळीने. तिथे उकळणं हेच बरोबर होतं.

कटकट_काका | रविवार, सकाळी 8.02

20 डॉलरचं पाणी विकत घ्या, विषय संपला. इतका मोठा धागा कशाला? आणि घरात येऊन गॅस बंद करणारी सरकारी बाई मला तरी चालली नसती.

जाईजुई | रविवार, सकाळी 9.15

काका, तिने विचारून बंद केला हो. आणि पाणी विकत घ्यायचं हे कळायला आधी पाणी वाईट आहे हे कळावं लागतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. आमच्या बोअरचं पाणी इतकं गोड लागायचं की आई पहिल्या दिवशी म्हणाली, गावाकडच्या आडाची आठवण झाली.

बाभूळ, तुमचा निरोप वाचून दाखवला. आई काही बोलली नाही, पण थोड्या वेळाने मला म्हणाली, "ते बाभूळ कोण आहेत ते डॉक्टर आहेत का?"

सातबारा | रविवार, दुपारी 1.30

जाईजुई ताई, मी रावेर तालुक्यातला. केळीवाले आम्ही. धागा वाचून हात गार पडले. आमच्याकडे पण बोअर शेतातच, घर शेतातच, आणि केळीला युरिया किती जातो ते विचारू नका. भाचीचं बाळ 3 महिन्यांचं आहे, वरचं दूध चालू आहे, पाणी अर्थात उकळूनच. मर्यादा 10 म्हणता, पण माझ्याकडे एका जुन्या रिपोर्टवर 45 लिहिलंय. मग भारतात जास्त चालतं का? आणि तपासायचं कुठे?

बाभूळ | रविवार, दुपारी 2.10

सातबारा, चांगलं विचारलंत, इथे भलेभले गोंधळतात. अमेरिकेत नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन मोजतात, आपल्याकडे अख्खं नायट्रेट. त्यांचे 10 म्हणजे आपले साधारण 45. मर्यादा एकच, माप वेगळं, शेर आणि किलोसारखं. म्हणजे जाईजुईचे 23 आपल्या मापात 100 च्या वर जातात.

तपासणीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, जिल्ह्याला एक आणि खाली उपविभागीय. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो, त्याला आधी धरा, त्याला रस्ता माहीत असतो. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव बायकांना तपासणी किट देऊन शिकवलंय, तुमच्या गावातही कुणी असेल. किटवर नेमका आकडा मिळत नाही, रंगावरून अंदाज येतो, पण सुरुवातीला तेवढं पुरे. मात्र सार्वजनिक विहिरीचे नमुने आपसूक जातात, शेतातल्या खाजगी बोअरचं तुम्हालाच बघावं लागेल.

आणि निकाल येईपर्यंत बाळाला बोअरचं पाणी बंद. थांबू नका.

नदीकाठ | रविवार, सायंकाळी 5.45

मी 11 वर्षं डे मॉईनमध्ये आहे, थोडी भर घालतो. खाजगी बोअरचं तुम्हालाच बघावं लागेल हे बाभूळ यांनी भारताबद्दल लिहिलं, अमेरिकेतही तेच आहे. इथला पिण्याच्या पाण्याचा कायदा 1974 चा, तो नळयोजनांना लागू. घरच्या विहिरीचं पाणी कसं आहे हे बघणं सरकारचं काम नाही, मालकाचं. घर विकताना-भाड्याने देताना कुणी सांगेलच असं नाही. म्हणून काउंटीचं ते ऑफिस महत्त्वाचं, कारण तेवढं एकच दार आहे.

पैसे कुठून येतात तेही ऐका. आयोवाने 1987 मध्ये भूजल संरक्षणाचा कायदा केला आणि खतं-कीटकनाशकांवर शुल्क बसवलं. त्या पैशातून काउंट्यांना अनुदान मिळतं, आणि त्यातून विहिरींची तपासणी फुकट होते, पडक्या विहिरी बुजवायलाही मदत मिळते. म्हणजे ज्याच्या खताने पाणी नासलं त्याच्याच खताच्या पिशवीवरच्या शुल्कातून तुमची बाटली प्रयोगशाळेत गेली. न्याय म्हणा की विनोद.

इथली जमीन मुळात दलदलीची. शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून पाणी काढून टाकलं, तेव्हा मका पिकायला लागला. त्या नळ्यांमधून पावसाबरोबर नायट्रेट थेट ओढ्यात जातं, ओढ्यातून नदीत. डे मॉईन शहर त्याच नद्यांचं पाणी पितं. नायट्रेट काढायचा मोठा प्रकल्प इथे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे, आणि 2015 मध्ये तर शहराच्या पाणी खात्याने वरच्या अंगाच्या 3 काउंट्यांवर, सॅक, ब्युना व्हिस्टा आणि कॅलहून, फेडरल कोर्टात दावा ठोकला. 2017 मध्ये फेटाळला गेला. 2025 च्या जूनमध्ये नायट्रेट इतकं वाढलं की आमच्याकडे लॉनला पाणी घालायलाच बंदी आली. बायको म्हणाली, लातूरला परत आल्यासारखं वाटतंय.

जाईजुई, कार्बनची गाळणी बसवलेल्या पाण्याच्या जगने नायट्रेट जात नाही, जड पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरनेही नाही. घरच्यासाठी सोपा उपाय म्हणजे आरओ.

पडवी | रविवार, रात्री 8.30

काउंटीच्या नर्सचा विषय निघालाय तर आमचं वटवाघूळ सांगतेच.

विस्कॉन्सिनमध्ये होतो तेव्हाची गोष्ट. ऑगस्टमध्ये पहाटे मुलाच्या खोलीत फडफड. बघते तर पंख्याभोवती वटवाघूळ घिरट्या घालतंय आणि पोरगं गाढ झोपलेलं. आमच्या ह्यांनी भारतातून आणलेली मच्छर मारायची बॅट उगारली. मी ओरडले, खिडकी उघडा! दोन्ही चूक, हे नंतर कळलं.

काउंटीच्या इमर्जन्सी नंबरवर फोन केला, झोपेतून उठलेल्या आवाजात नर्सने दोन प्रश्न विचारले. मूल झोपलेलं होतं का? वटवाघूळ अजून घरात आहे का? मग म्हणाली, दार लावा, मुलाला बाहेर काढा, पकडा, पण डोक्यावर मारू नका. रेबीज आहे की नाही हे मेंदूवरून कळतं, डोकं फुटलं तर तपासता येत नाही. वटवाघळाचे दात इतके बारीक की चावल्याचं दिसत नाही, आणि झोपलेलं मूल सांगू शकत नाही.

जाड हातमोजे, कॉफीचा डबा, खाली सरकवायला पुठ्ठा. ह्यांनी पकडलं, मानलं पाहिजे. सकाळी काउंटीचा माणूस डबा घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी फोन आला: रेबीज नाही. नाहीतर इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स, आणि अमेरिकेत त्याचं बिल हजारो डॉलरमध्ये येतं. सासरी सांगलीला सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "सिव्हिलमध्ये फुकट देतात की." खरंच देतात.

गोधडी | रविवार, रात्री 8.41

मच्छर मारायची बॅट! 😂

चिंचगोळी | सोमवार, सकाळी 6.50

"ते गरिबांसाठी असतं ना" यावर बोलायचंय. आयोवातल्या एम्स (Ames) गावी नवरा पीएचडी करत होता तेव्हा आम्ही तिघं स्टायपेंडवर होतो. मी कधी स्वतःला गरीब म्हटलं नसतं, पण कागदावर होतो. बाळाच्या डॉक्टरांकडच्या बाईंनी विक नावाच्या योजनेचा कागद दिला. गरोदर आणि बाळंतीण बायका आणि 5 वर्षांखालची मुलं यांच्यासाठी आहे, उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या 185 टक्क्यांपर्यंत असेल तर चालतं. मी तो कागद पर्समध्ये तीन महिने घडी घालून ठेवला. सदाशिव पेठेत वाढलेल्या मुलीने सरकारी शिधा घ्यायचा!

शेवटी गेले. बोटाला टोचून हिमोग्लोबिन पाहिलं: 9.4. तीन महिने लाज पर्समध्ये घेऊन फिरत होते आणि रक्त नव्हतं अंगात. कार्ड मिळालं, त्यावर दूध, अंडी, फळं-भाज्या, पीनट बटर, आणि सुके वाटाणे-घेवडे-मसूर. मसूर मिळतात म्हटल्यावर मी एकदम माणसात आले. आहारतज्ज्ञ बाईंना मी आमटीची कृती लिहून दिली होती, त्यांनी ती बोर्डावर लावली.

मला व्हिसा कुणी विचारला नाही. पण ग्रीन कार्डाच्या रांगेत असाल तर आधी वकिलाला विचारा, नियम बदलत असतात, माझ्या भरवशावर राहू नका.

कटकट_काका | सोमवार, सकाळी 7.30

म्हणजे आम्ही कर भरायचा आणि यांनी मसूर खायचे.

चिंचगोळी | सोमवार, सकाळी 7.34

हो काका. आता मी भरते, तुम्ही फ्लूची लस टोचून घ्या.

डबलरोटी | सोमवार, दुपारी 12.15

टीबीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वडिलांचं ग्रीन कार्ड झालं, मुंबईच्या मेडिकलमध्ये छातीच्या एक्सरेवर जुना डाग निघाला. बेडक्याच्या तपासण्या झाल्या, जंतू नाहीत, व्हिसा मिळाला. इथे येऊन दोन आठवडे झाले नाहीत तोच काउंटीच्या नर्सचा फोन. बाबा घाबरले, "परत पाठवतात की काय?" तसं काही नसतं. विमानतळावरून कागद त्या त्या काउंटीला जातात आणि पाठपुरावा करणं त्यांचं काम असतं.

तिने त्वचेवरची चाचणी केली नाही. दंडावरचा बीसीजीचा व्रण बघून म्हणाली, याने चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, रक्ताची करू. ती पॉझिटिव्ह आली. म्हणजे रोग नाही, पण जंतू झोपलेले आहेत. आठवड्यातून एकदा गोळ्या, 12 आठवडे. दर बुधवारी नर्स घरी येऊन बाबांना समोर गोळ्या घ्यायला लावायची. बाबांना वाटायचं, आपल्यावर विश्वास नाही. मग तिनेच एकदा सांगितलं की ही पद्धत तुमच्याकडूनच आलीये. मद्रासला 1956 मध्ये संशोधन सुरू झालं, टीबीच्या रुग्णाला सॅनिटोरियममध्ये न ठेवता घरीच गोळ्या देऊन तो तितकाच बरा होतो हे तिथे सिद्ध झालं, आणि गोळ्या समोर बसून घेतल्या जाव्यात हा धडाही जगाने तिथूनच घेतला. त्या बुधवारपासून बाबा तिच्यासाठी चहा ठेवायला लागले. आलं घालून.

जाईजुई | गुरुवार, रात्री 10.20

किती छान लिहिताय सगळे. आमचं पुढचं सांगते.

घरमालकाला निकाल दाखवला. तो म्हणाला, "माझी तीन पोरं याच पाण्यावर वाढली." वाद घातला नाही. सिंकखाली आरओ आम्हीच बसवला, सॅनिटेरियनने पुन्हा नमुना नेला, आता 2 च्या खाली आहे. जाताना त्याने तळघरात ठेवायला रेडॉन (जमिनीतून घरात येणारा किरणोत्सारी वायू) मोजायची डबी दिली. रेडॉनचा धोका दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर आयोवाच्या 99 च्या 99 काउंट्या लाल आहेत म्हणे. तो निकाल यायचाय.

पण मला सांगायचंय ते बुधवारचं. बाळाच्या 2 महिन्यांच्या लशी काउंटीच्या ऑफिसातच घेतल्या. कोर्टहाउसच्या मागे बैठी इमारत, आत जेमतेम पाच माणसं: दोन नर्सा, एक सॅनिटेरियन, एक हिशेब बघणाऱ्या बाई आणि प्रमुख. प्रमुखच फोन उचलतात. आईला आत नेलं. ती भिंतीवरचे तक्ते बघत होती, आणि मग तिची नजर फ्रिजकडे गेली. लशींचा फ्रिज, दारावर कागद, कागदावर सकाळ-संध्याकाळचं तापमान आणि पुढे सही.

आई सरळ तिथे जाऊन उभी राहिली. एकेक ओळ बोटाने वाचत खाली आली आणि म्हणाली, "रविवारचं नाहीये."

मी भाषांतर करायच्या आधीच नर्सला कळलं. ती हसली, छोटी मशीन दाखवली, रविवारी तीच नोंद ठेवते. आई म्हणाली, "आम्ही रविवारी पण जायचो." हे मात्र मी भाषांतर केलं. मग दोघींचं सुरू झालं. इथे फॅरनहाइटमध्ये 36 ते 46, आईचं 2 ते 8, मी मध्ये बसून गणित करतेय, एकच निघालं. वीज गेली तर काय करता? बर्फाच्या पिशव्या किती वेळ टिकतात? आईने सांगितलं, पावसाळ्यात ओढा अडला की लसीचा डबा डोक्यावर घेऊन पलीकडे जायचे. नर्सने सांगितलं, हिमवादळात ती स्नोप्लाउच्या मागे गाडी लावून टीबीच्या एका पेशंटकडे गोळ्या द्यायला जायची.

निघताना नर्सने आईला विचारलं, काउंटीच्या आरोग्य मंडळावर एक जागा रिकामी आहे, तुम्ही इथे राहणार का? थट्टाच होती, आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आहे. पण घरी येईपर्यंत ती गप्प होती आणि घरी आल्यावर बाबांना फोन लावून पहिलं हेच सांगितलं.

सातबारा | तीन आठवड्यांनी, शनिवार, सकाळी 11.00

ताई, निकाल आला. जळगावला प्रयोगशाळेत नमुना दिला होता. नायट्रेट 68. मर्यादा 45. जंतूंचा कॉलम पण खराब आहे, पावसाळ्यानंतर असं येतं म्हणाले.

भाचीकडे त्याच दिवसापासून बोअरचं पाणी बंद केलं होतं. बाळ बरं आहे, डॉक्टरांना दाखवलं, ओठ-नखं गुलाबी आहेत. गावात वॉटर एटीएम आहे, 5 रुपयांत 20 लिटर आरओचं. तेच आणतो आता. जार मात्र कधी धुतात देव जाणे. त्या पाण्याचा नमुना पण दिलाय, नायट्रेट 9 आलं.

पण आता भाची घाबरली आहे. उकळू का नको, म्हणते. सगळे सांगतात उकळ, मामा सांगतो उकळू नको. तुमच्या आईंना एकदा विचारता का?

जाईजुई | शनिवार, दुपारी 3.25 (भारतात मध्यरात्र, माफ करा)

सातबारा, आई शेजारीच बसली आहे. आकडे वाचून दाखवले. चष्मा लावून तिने स्वतः पुन्हा वाचले. आता ती सांगतेय तसं टाइप करते:

"बोअरचं पाणी बाळाच्या तोंडाला लावायचं नाही, उकळलेलं नाही आणि बिनउकळलेलंही नाही. जारचं पाणी नायट्रेटला चांगलं आहे, पण जार हाताळलेला असतो, त्यात जंतू असणार. म्हणून जारचं पाणी उकळायचं. खळखळून उकळी आली की मिनिटभर ठेवायचं आणि बंद करायचं, आटवत बसायचं नाही. झाकून गार करायचं. वाटी-चमचा पण त्याच उकळत्या पाण्यात काढायचा. बाटली वापरू नको म्हणावं, धुवून निघत नाही. जारच्या पाण्याचा नमुना दर दोन-तीन महिन्यांनी द्या, आरओचा पडदा फाटला तर यांना कळणार नाही. आणि तिला विचारा, दीड महिन्याची आणि अडीच महिन्याची लस झाली का? कार्डाचा फोटो पाठव म्हणावं."

कार्डाचा फोटो खरंच पाठवा. ती विचारत राहणार आहे.

सातबारा | रविवार, सकाळी 7.10

अडीच महिन्याची राहिली आहे. मंगळवारी उपकेंद्रावर नेतो.

जाईजुई | रविवार, सकाळी 8.02

आई म्हणते, मंगळवारी सुट्टी नाही ना ते आधी नर्सबाईंना फोन करून विचारा.